शेवटच्या मशीनची टोपी

बन्सीधररावांच्या मशीनचं बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळ्याचा करडा झाला, वरच्या कोपऱ्यात पांढरी रेघ लुकलुकली आणि मग एकच ओळ आली. सर्व्हर सापडत नाही. ओळ इंग्रजीत होती, पण मला ती मराठीतच ऐकू आली, अर्धं दार उघडून कुणी म्हणावं तशी. कुणी नाही घरात, जा. मी बंद केलं, परत चालू केलं. तेच. प्रमोदिनीबाईंच्या मशीनवर तेच. पंडितच्या मशीनवर तेच. शेवटचं मशीन दारापाशी, वाव्हळेबाईंचं, त्यावरही तेच. चार पडदे, चारही माझ्याकडं बघायलेले. शनिवारी दुपारी खरेदी-विक्री संघाला कुलूप लावलं तेव्हा हीच मशीनं गुमान चालत होती. तेव्हापासून हॉलमधे कुणी पाऊल टाकलेलं नाही. गावात वातावरण गरम म्हणून मॅनेजर माधवराव साहेबांनी संघ बंदच ठेवला, तो आज बुधवारी उघडला. आणि आजच बारा वाजता चेअरमन येणार, नारळ फोडणार, कॉम्प्युटर विभागाचं उद्घाटन करणार. दारावर शिपाई सितारामनं आंब्याचं तोरण लावून ठेवलं होतं. मला ते तोरण ओढून काढावंसं वाटलं.

"काय मुंजाजी, गेलं का रे?" बन्सीधरराव मागून म्हणाले. आमच्या संघाचे हे अकाउंटंट. माणूस जाडजूड, आवाज त्याहून जाड. "सुतक पाळावं लागतंय का आता आमाला?"

मी परत बटण दाबलं.

"पुण्यावरनं शिकलेला माणूस बोलवा म्हणलं होतं साहेबाला. पर न्हाई. घरचं पोरगं हाय म्हणे, करतंय."

घरचं पोरगं म्हणजे मी. चेअरमन अप्पाराव आमच्या भावकीतले, मी त्यांना काका म्हणतो, आणि त्यामुळंच मी इथं आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला सुटली. मशीनं पुण्याच्या कंपनीनं आणून ठेवली, दोन दिवस दाखवली आणि माणसं निघून गेली. जाताना इंग्रजी पुस्तकांचा एक गठ्ठा राहिला. ती पुस्तकं मी पाथरीच्या एसटीत उभ्यानं वाचली, शेतात मोटरीजवळ बसून वाचली, एकेका शब्दाला डिक्शनरी. वडील म्हणायचे, पाणी धर आधी. मी एक डोळा पाण्यावर ठेवायचो. जे कळलं ते असंच कळलं, तुकड्या तुकड्यानं, आणि प्रत्येक तुकड्याला कुणीतरी हसलेलं आहे. त्यामुळं मशीन अडलं की मला आधी मशीन दिसत नाही, तोंडं दिसतात.

आमच्या हॉलमधल्या चार मशीनना स्वतःचं काही नाही. पोटात डिस्क नाही, फ्लॉपीची खाच नाही. बटण दाबलं की ती तारेवरून केबिनमधल्या सर्व्हरला हाक मारतात, मी उठलोय, मला सांग काय करायचं. सर्व्हर त्यांना डॉसची, म्हणजे मशीन जागं करणाऱ्या प्रोग्रॅमची, इमेज पाठवतो. इमेज म्हणजे असं की मी एका फ्लॉपीवर सगळं नीट बसवायचं, मग ती अख्खी फ्लॉपी जशीच्या तशी सर्व्हरवर एका फाइलीत उतरवायची. चौघांना तीच एक. तिच्यात मी जे टाकीन ते चारही पडद्यांवर उगवणार. शनिवारी माधवराव साहेबांच्या सांगण्यावरून मी तिच्यात एक ओळ घातली होती, चेअरमनसाहेबांचं स्वागत असो, रोमन अक्षरात, चारी बाजूंनी चांदण्या. म्हणून पहिल्यांदा मला वाटलं, मीच मारलं. त्या चांदण्यांनी मारलं. केबिनमधे जाऊन इमेज पुसली, फ्लॉपीवरून परत उतरवली. पडद्यावर ओळ तीच. स्वागत काढून टाकलं, परत उतरवली. तेच. काचेपलीकडं बन्सीधरराव, प्रमोदिनीबाई, पंडित चहा पीत उभे होते आणि माझ्या पाठीकडं बघत होते. पाठीला ते कळतं. मानेच्या मागं गरम होतं.

शनिवारीही हे सगळे असेच उभे होते, बशीत तिळगूळ घेऊन. आदल्या दिवशी संक्रांत होती आणि संक्रांतीलाच विद्यापीठाचं नामांतर जाहीर झालं. मी शाळेत जायला लागल्यापासून जे भांडण ऐकत आलो ते संपलं म्हणे, नाव लांबलं, दोन्ही नावं मावली. शनिवारी सकाळी हॉलमधे कुणी त्यावर चकार शब्द काढला नाही. तिळगूळ वाटला सगळ्यांनी. एकमेकांच्या हातावर हलवा ठेवत गोड बोला, गोड बोला म्हणत होते, आणि ते बोलताना कुणी कुणाकडं बघत नव्हतं. वाव्हळेबाईंनाही दिला. मग वाव्हळेबाईंनी पिशवीतून पेढ्यांचा डबा काढला. सत्यशीला वाव्हळे, सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेल्या ऑपरेटर, चौथ्या मशीनपुरती निघालेली जागा, मशीन चाललं तर कायम. बारीक बाई, वेणी घट्ट, चप्पल दारात काढायची सवय. त्यांनी टेबलाटेबलाशी जाऊन पेढा दिला. कशाचा, हे त्या म्हणाल्या नाहीत आणि कुणी विचारलं नाही. समोर धरलेला पेढा आपल्याकडं कुणी नाकारत नाही. सगळ्यांनी घेतला. माधवराव साहेबांनी दोन्ही हात पुढं करून घेतला, वा वा म्हणाले. माझ्यापाशी आल्या तेव्हा मीही घेतला. मला खायचा नव्हता. पोट भरलं होतं असं नाही, गोड आवडत नाही असंही नाही. हातात तो थोडा चिकट, थोडा गार, वर बोटाचा ठसा, आणि मला वाटलं घशातून उतरणार नाही. का ते मी तेव्हा बघितलं नाही. केबिनमधे जाऊन टेबलाच्या ड्रॉवरमधे फ्लॉप्यांच्या डब्यावर ठेवला, ड्रॉवर लावला. बाकीच्यांनी आपापल्या पेढ्याचं काय केलं ते बघायला मी तिथं थांबलो नाही.

इमेज नसेल तर काय. मी पंडितचं मशीन उचललं, केबिनमधे आणलं, सर्व्हरशेजारी ठेवलं आणि हातभर तारेनं थेट जोडलं, दोन्ही टोकांना टोपी. बटण दाबलं. सर्व्हरच्या पाठीमागचा दिवा फडफडला. पडद्यावर ठिपके चालू लागले, एकामागं एक, मुंग्या चालल्यासारखे, आणि डॉस उठला. इमेज शाबूत. सर्व्हर शाबूत. म्हणजे हॉलमधली तार. मला हसू आलं आणि लगेच राग आला, कारण मी ती तार स्वतः टाकली होती, गुडघ्यावर बसून, भिंतीकडेच्या लाकडी पट्टीतून, केबिनमधून बन्सीधरराव, तिथून प्रमोदिनीबाई, तिथून पंडित, तिथून वाव्हळेबाई. स्वागताची ओळ मी परत घातली. हॉलमधे येऊन म्हणालो, "इमेज चांगली हाय. तारेत बिघाड हाय."

"तारेत?" बन्सीधररावांनी कप ठेवला. "आन तू शनिवारी ती टोपी दाखवलीस, ती?"

टोपी म्हणजे तारेच्या शेवटाला लागतं ते पितळी टोपण. दोन्ही टोकांना असतं, एक केबिनमधे, एक शेवटच्या मशीनच्या पाठीला. ते काढलं की तारेतला आवाज टोकाला आपटून परत फिरतो आणि कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. एकानं काढलं की सगळे बंद. हे मी शनिवारी मोठ्या तोऱ्यात सगळ्यांना काढून, लावून दाखवलं होतं. वाव्हळेबाई तेवढ्या नीट वाकून बघत होत्या.

"टोपी कुणाच्या मशीनला हाय?" बन्सीधरराव म्हणाले. मला नाही, सगळ्या हॉलला.

"शेवटच्या."

"शेवटचं कुणाचं हाय?"

वाव्हळेबाई पिशवी मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. मशीन बंद, टेबल मोकळं, करायला काही नाही. त्यांनी मान वर केली.

"माझं. घ्या की नाव, बन्सीभाऊ. नावावरनंच तर एवढं झालं."

प्रमोदिनीबाईंनी पदर सारखा केला. पंडितला खोकला आला. बन्सीधररावांचे कान तांबडे झाले, ते मी बघितले, आणि मला बरं वाटलं, हे मी लपवत नाही.

"शनिवारी शेवटी कोण निघालं?" ते म्हणाले. "सितारामला विचारा. बाई मागं होती. चप्पल घालायला दहा मिनिटं लागतेत काय माणसाला? आता आनंदाच्या भरात हात लागला म्हणा, का लावला म्हणा."

मी शेवटच्या मशीनच्या मागं गेलो, हात घातला. टोपी जागेवर होती, घट्ट. "हाय इथं," मी म्हणालो.

"सकाळी येऊन परत बसवली असंल."

"एवढं कळतंय त्यांना, तर कायम करा की मग," पंडित म्हणाला. तो काहीही बोलतो, त्याला कुणी मोजत नाही. कुणी हसलं नाही. माधवराव साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. ते असे उभे राहिले की समजायचं, ऐकून घेतलंय आणि मनात ठेवलंय.

तार बघायची तर आडवं व्हावं लागतं. मी बन्सीधररावांच्या लोखंडी कपाटाच्या मागं, फटीत, पोटावर सरकलो. खाली फरशी गार, वर त्यांच्या चपला माझ्या तोंडापासून हातभर. बाजूच्या भिंतीपलीकडं बियाणाचं गोडाऊन, म्हणून हॉलला नेहमी औषध लावलेल्या ज्वारीचा कडवट वास असतो, पण फरशीपाशी दुसराच वास होता. आंबट, गोडसर, आणि त्याखाली काहीतरी जळल्यासारखं. जळल्यासारखं नसेलही. मला खाली वाकलं, अंधारं झालं की तो वास येतोच. पहिलीत होतो. दुपारी मास्तरांनी एकदम शाळा सोडली, म्हणाले, सरळ घरी जा, ओढ्याकडून जाऊ नका. आम्ही ओढ्याकडूनच जायचो. घरी आलो तर अंगणात तानुआत्या दोरीवरची धोतरं घाईघाईनं काढायली होती. आभाळात ढग नव्हता. मी म्हणालो, पाऊस येणार हाय का? ती म्हणाली, राख पडायली, डाग पडतेत. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून धूर सरळ वर चालला होता, वाऱ्याला न हलता. वडील ओसरीवर भाकरी खात होते. त्यांनी धुराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाले, आत हो. मग आतून ठेचा मागितला. एवढंच. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही, निदान आमच्या अंगणापर्यंत काही आलं नाही. राख तेवढी आली. माझ्या शेजारी पाटावर बसणारा पोरगा त्यानंतर शाळेत दिसला नाही, आणि त्याचं नाव काय होतं ते मी आठवायला बसलो की मला त्याच्या पाटीचा फुटका कोपरा आठवतो, नाव येत नाही. धोतरं मात्र आठवतात. घडी घालताना आत्या एकेकाला झटकत होती.

"काय झोपलास का रे तिथं?" बन्सीधररावांनी चपलेनं माझ्या पायाला ढोसलं.

मी बॅटरी लावली. लाकडी पट्टी कडेनं कुरतडलेली होती. आतली तार उघडी, काळं साल सोललेलं, त्याखालची जाळी विस्कटलेली, मधली तांब्याची तार दोन दातांत धरून तोडल्यासारखी साफ तुटलेली. आजूबाजूला उंदरांच्या लेंड्या. उंदीर गोडाऊनमधले. पण गोडाऊन सोडून ते हॉलमधे कधी येत नाहीत, इथं त्यांना काय आहे? बॅटरी थोडी पुढं सरकवली. कपाटाच्या पायाशी अर्धा पेढा. वरची बाजू खाल्लेली, खालच्या बाजूला फरशीचा सपाट ठसा. तो वरून टाकलेला होता, कपाट आणि भिंतीच्या फटीतून. त्याच्या पलीकडं सुपारीच्या पुडीचा कागद, मधे घडी घातलेला, कुरतडलेला, त्यात पिवळा भुगा. हॉलमधे सुपारी एकच माणूस खातो. माधवराव साहेब. मी तसाच पोटावर सरकत पुढं गेलो, प्रमोदिनीबाईंच्या टेबलामागं. तिथं वर्तमानपत्राच्या तुकड्यात नीट बांधलेलं पुडकं होतं, एका बाजूनं फोडलेलं, आणि तिथंही तार तुटलेली. पंडितच्या मागं काही नव्हतं. पंडितनं खाल्ला असणार. वाव्हळेबाईंच्या मागं झाडलेली फरशी.

मी तसाच पडून राहिलो. बाहेर यावंसं वाटेना. मला बाईंची कीव आली असं लिहिलं तर छान दिसंल, पण तसं नव्हतं. मला माझ्या तारेचा राग आला होता. मी ती एकेक हात मोजून टाकली होती, टोकं सोलताना बोटं कापून घेतली होती, आणि या लोकांनी तिच्यावर आपलं नकोसं टाकलं. खायचं नव्हतं तर नाही म्हणायचं. तोंडावर घ्यायचं, वा वा म्हणायचं, आणि मग फटीत. आणि मग चपलेनं ढोसून मलाच विचारायचं, झोपलास का. हे सगळं मनात चालू असताना ड्रॉवरमधला माझा पेढा मला दिसत होता. मी फटीत टाकला नाही, फ्लॉप्यांवर ठेवला, काचेच्या केबिनमधे, जिथं उंदीर शिरत नाही. त्यापेक्षा मी काही वेगळं केलं नव्हतं. मग मी त्याचाही राग केला.

बाहेर आलो, कपडे झटकले. "उंदीर," मी म्हणालो. "तार खाल्ली उंदरांनी. दोन ठिकाणी."

"उंदीर?" बन्सीधरराव म्हणाले. त्यांची नजर कपाटाकडं गेली आणि लगेच परत आली. ते मी बघितलं. माधवराव साहेबांनी खिशातली सुपारीची पुडी काढली आणि न उघडता परत ठेवली.

"मुंजाजी, आत ये," ते म्हणाले.

केबिनचं दार लावून ते उभेच राहिले. माधवराव साहेब कधी चढ्या आवाजात बोलत नाहीत, शुद्ध बोलतात, आणि त्यामुळं त्यांना अडवायला जागा मिळत नाही.

"तार किती आहे तुझ्याकडे?"

"एक भेंडोळं. पर जोड दोनच हायेत, एकाच जागी पुरंल. बाकी औरंगाबादहून आणावी लागंल."

"तुटली दोन ठिकाणी. केबिनपासून बन्सीधरपर्यंत, आणि बन्सीधरपासून प्रमोदिनीबाईंपर्यंत. बरोबर? मग भेंडोळं पहिल्या ठिकाणी लाव. दुसऱ्या ठिकाणी शेवटची तार काढून लाव. पंडित ते वाव्हळे."

"मग बाईंचं मशीन सुटंल."

"टोपी पंडितच्या मशीनवर लाव. तीन चालली, पुरे झाली. चेअरमन काय मोजणार आहेत?"

"आन बाईंचं?"

साहेबांनी काचेतून बाहेर बघितलं. "त्यांचे सहा महिने या महिन्यातच संपतात. मशीनच नाही तर ऑपरेटर कशाला, हे कुणालाही समजतं. आपण कुणाला काढत नाही आहोत, मुंजाजी. आपण तार काढतोय." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि खाली जे काही असेल ते सितारामला सांगून झाडून घे. उंदीर म्हणजे उंदीर. पुढं चर्चा नको. तुझं पण कायम व्हायचंय अजून."

ते गेले. मी खुर्चीत बसलो आणि भेंडोळ्याचं टोक सोलायला घेतलं. साल वाकडं निघत होतं. त्यांचं म्हणणं हिशोबात चोख होतं, तेच मला सहन होत नव्हतं. तीन मशीनं, एक बंद, कुणाचं नुकसान नाही, आणि ज्यानं फटीत टाकला त्याचा पडदा सगळ्यात आधी उजळणार. काचेवर टकटक झाली. वाव्हळेबाई. त्या केबिनमधे कधी येत नाहीत, दारापर्यंत येऊन काम सांगतात. आज आत आल्या.

"खाली काय सापडलं, मुंजाजीभाऊ?"

"सांगितलं की. उंदीर."

"उंदीर कशाला आले?"

मी साल सोलत राहिलो.

"बघितलं मी," त्या म्हणाल्या. "तुमी आत गेलाव तवा वाकून बघितलं. टेबलाटेबलामागं. माझ्या मागं तेवढं काही न्हाई." आवाज अगदी साधा होता, भाजीच्या जुडीचा भाव सांगावा तसा. "तुमचा कुठं हाय?"

मी ड्रॉवर उघडला. खोटं बोलायचं सुचलं नाही असं नाही, सुचलं, पण हात आधी गेला. फ्लॉप्यांच्या डब्यावर पेढा तसाच होता. वाळून कडा पांढऱ्या झालेल्या, बोटाचा ठसा अजून वर. त्यांचं बोट.

"गोड चालत न्हाई का तुमाला?"

"चालतं."

"मग?"

"माहीत नाही."

"माहीत हाय तुमाला." त्यांनी कमरेचा रुमाल काढला, पेढा उचलून त्यात ठेवला, घडी घातली. मला वाटलं आता काहीतरी म्हणतील, आणि मला ते हवं होतं, दोन शिव्या हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब काय बोलले ते काचेतनं कळलं. माणूस बोलताना ज्याच्याबद्दल बोलतो त्याच्याकडं बघतोच. माझी तार काढायली ना? काढा. पर मला सांगून काढा. मागनं नको." आणि गेल्या, दार हळू लावून.

टोक सोललं, जोड चेपून बसवला. भेंडोळं खांद्यावर घेऊन हॉलमधे आलो. केबिनच्या टोकाला एक बाजू लावली आणि भिंतीच्या कडेनं तार सोडत निघालो. बन्सीधरराव खुर्ची मागं सरकवून वाट बघत होते, टेबलावर सितारामनं हळदीकुंकवाची वाटी, फुलं, नारळ मांडलेला. पहिलं टेबल, म्हणून उद्घाटन तिथंच. मी त्यांच्या कपाटापाशी थांबलो नाही.

"अरे, माझं मशीन इथं हाय. कुठं चाललास?"

"पुढं."

"पुढं कुठं?"

"प्रमोदिनीबाईकडं. एकच तार हाय, बन्सीभाऊ. केबिनवरनं थेट तिकडं जाईल. पुढची दोन्ही चांगली हायेत. तीन चालतेत."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. "आन मी?"

"तुमची तार उंदरांनी खाल्ली. तुमच्या कपाटामागं जेवायला आले होते."

"ए!" ते उठले. खुर्ची पडली. "साहेबानं काय सांगितलं तुला? कुणाची काढायची म्हणले?"

"साहेब काढ म्हणले. मी लावायलोय."

"तुझ्या बापाला, माणिकरावला सांगतो. चेअरमनच्या शेपटाला धरून आलायस, आन आता त्या बाईसाठी आमच्यावर? काय दिलं तिनं तुला?"

"पेढा," पंडित म्हणाला. "सगळ्यांना दिला की."

मी प्रमोदिनीबाईंच्या मशीनमागं वाकलो. भीती वाटत होती, दुसरं काही नाही. वडील, काका, पाथरीची एसटी, मोटरीचं पाणी, सगळं परत जवळ आलं होतं. जोड बसत नव्हता, घाम बोटाला, दोनदा सुटला. प्रमोदिनीबाई उठून भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या होत्या, पदराचं टोक तोंडात. त्यांनी मला अडवलं नाही आणि मदतही केली नाही. वर्तमानपत्राचं पुडकं माझ्या गुडघ्याशी पडलं होतं, ते मी तिथंच राहू दिलं. पंडितचं मशीन केबिनमधून आणून जागेवर जोडलं. वाव्हळेबाईंच्या मागची टोपी एकदा हातानं चाचपली. घट्ट होती. मग तीन बटणं दाबली. आधी काहीच नाही. मग केबिनमधला दिवा फडफडला, आणि तिन्ही पडद्यांवर ठिपके चालू लागले, प्रमोदिनीबाईंचे पुढं, मग पंडितचे, मग दारापाशी शेवटच्या पडद्यावर. चांदण्या आल्या. चेअरमनसाहेबांचं स्वागत असो. बन्सीधररावांच्या पडद्यावर एकच ओळ तशीच उभी होती, सर्व्हर सापडत नाही.

माधवराव साहेब केबिनच्या दारातून बघत होते. त्यांनी नुसतं घड्याळाकडं बघितलं आणि बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला.

चेअरमन आले. पांढरे कपडे, खांद्यावर शाल, मागं दोनतीन माणसं. अप्पाराव काका माणसाच्या आधी खोली बघतात. त्यांनी तोरण बघितलं, टेबलं बघितली, मला मान हलवली. वाटी, फुलं, नारळ होता त्या टेबलापाशी येऊन थांबले. सितारामनं कुंकवाची वाटी पुढं केली. काकांनी बोट बुडवलं आणि पडद्याकडं बघितलं.

"हे का बंद हाय रे, मुंजाजी?"

"तार तुटली, काका. उंदरांनी खाल्ली."

"उंदीर?" ते हसले. "हापिसात उंदीर कशाला आले?"

माधवराव साहेब एक पाऊल पुढं आले. "गोडाऊन शेजारी आहे ना, साहेब, त्यामुळं जरा," म्हणाले, आणि माझ्याकडं बघितलं. बन्सीधररावही माझ्याकडं बघत होते.

"पेढे खायला," मी म्हणालो.

"कसले पेढे?"

तिन्ही मशीनचे पंखे ऐकू येत होते. मग दारापाशी खुर्ची सरकली.

"माझे, साहेब." वाव्हळेबाई टेबलांमधून चालत आल्या. अनवाणी. "शनिवारी वाटले होते मी. सगळ्यांनी घेतले. तुमी नव्हता." त्यांनी रुमालाची घडी उघडली आणि तळहातावर पेढा पुढं धरला. वाळलेला, पांढरट, बोटाचा ठसा वर. "तुमचा राहिला होता."

काकांनी पेढ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मागची माणसं बघत होती. सगळे बघत होते. काकांनी कुंकू लागलेलं बोट वर धरून बाकीच्या बोटांनी पेढा उचलला.

"बरं," ते म्हणाले. "छान."

बाई तिथंच उभ्या राहिल्या. हात रिकामा, रुमाल उघडा. सितारामनं नारळ पुढं केला. नारळ घ्यायचा तर हात मोकळा पाहिजे. काकांची नजर टेबलावर फिरली, मशीनच्या डोक्यावर थांबली, तिथून हळूहळू कपाटाच्या मागं, भिंतीच्या फटीकडं गेली.

मी त्यांच्या हाताकडं बघत राहिलो.